सोवळ्याआड लपवलेला आजार

"हा कातडीचा रोग नाही," डॉक्टर म्हणाले.

माझे दोन्ही हात त्यांच्या टेबलावर उताणे होते. बोटांच्या पेरांना चिरा गेलेल्या, तळव्यांची सालं निघालेली, मनगटापर्यंतची कातडी पांढरीफटक. तुळजापुरात हकिमांनी दोन महिने मलम दिलं, त्यानं गुण आला नाही. म्हणून थोरले बंधू अण्णा मला मोटारीनं सोलापूरला घेऊन आले होते. महारोग तर नाही ना, ही एकच भीती आमच्या दोघांच्या मनात होती. बोललो मात्र कुणीच नव्हतो.

"दिवसातून किती वेळा हात धुता?" डॉक्टरांनी विचारलं.

उत्तर अण्णांनी दिलं. "आम्ही देवीचे उपाध्ये. आमच्याकडं सोवळं कडक असतं. त्यात हा जरा जास्तच."

डॉक्टरांनी अण्णांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. मग हळूच विचारलं, "धुतल्यावर बरं वाटतं?"

"वाटतं."

"किती वेळ?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "घटकाभर," मी म्हणालो.

"आणि धुण्याच्या आधी मनात काय येतं?"

मी खाली मान घातली. ते म्हणाले, "आज सांगू नका. पण या आजाराला नाव आहे. ऑब्सेशन."

मग त्यांनी समजावून सांगितलं. ऑब्सेशन म्हणजे नको असताना मनात शिरणारा आणि हाकलला की दुप्पट जोरानं परत येणारा विचार. त्याची भीती घालवायला माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. कुणी लावलेलं कुलूप दहादा ओढून बघतो, कुणी मोजत बसतो, कुणी धूत राहतो. त्याला कम्पल्शन म्हणतात, म्हणजे मनानंच मनावर केलेली सक्ती. "चिरांसाठी मलम देतो," ते म्हणाले, "पण खरं औषध म्हणजे दर आठवड्याला इथं येऊन माझ्याशी बोलायचं." अशा एका वेळेच्या बोलण्याला ते सिटिंग म्हणत.

खरं सांगतो, महारोग निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. हातांचा रोग असता तर लोकांना हात दाखवता आले असते. बाहेर अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं, "खरूज आहे. आठवड्याला यावं लागेल." आजार कळल्यानंतर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य खोटं होतं.

आमचं घर पिढ्यान् पिढ्या उपाध्येपणाचं. परगावचे यात्रेकरू आमच्याकडं उतरत. त्यांचा संकल्प सांगायचा, देवीचा पाठ वाचायचा, कुळधर्म करून द्यायचा, हे आमचं काम. वडील गेल्यावर अण्णा आणि मी दोघं ते बघत होतो.

डॉक्टरांकडं जाण्याच्या दोन वर्षं आधी, नवरात्रात, मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका कुटुंबाचा संकल्प सांगत होतो. समोर देवी, शेजारी हात जोडून उभी म्हातारी माणसं. अचानक माझ्या मनात देवीविषयी एक घाणेरडा शब्द आला. तो मी इथं लिहिणार नाही. तोंडानं मी संकल्पच सांगत होतो, कुणाला काही कळलं नाही. काम संपल्यावर म्हातारी माझ्या पाया पडली. मी घरी येऊन पुन्हा आंघोळ केली. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो शब्द देवळाच्या पायऱ्या उतरतानाच आला. वाट बघत बसल्यासारखा.

मग आंघोळी वाढल्या. नंतर नियम तयार झाले. हातांवर एकवीस तांबे पाणी घ्यायचं. मोजता मोजता तो शब्द आला तर पुन्हा पहिल्यापासून. पाण्याची घागर दाराच्या चौकटीला लागली तर ते पाणी ओतून द्यायचं. हे नियम मीच केले होते, पण मोडायची सत्ता माझ्याकडं नव्हती.

आणि लोकांनी काय केलं? माझं कौतुक केलं. "असं सोवळं आता ऱ्हायलं न्हाई," असं म्हणायचे. वाशीचे लोक मुद्दाम निरोप धाडायचे, "धाकल्या महाराजांकडूनच पाठ पायजे." ज्या तोंडून पाठ ऐकायला ते एवढ्या लांबून यायचे, त्याच्या मागं मनात काय चाललंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून नमस्कार घ्यायचो. ते त्याला विनय म्हणायचे.

पाणी माझी बायको आणायची. घरामागच्या भिंतीला लागून चार घरांची मिळून एक बारव होती. उन्हाळ्यात पाणी तळाला जायचं आणि पुष्कळ पायऱ्या उतराव्या लागायच्या. तिनं आणलेली घागर मी कधी कधी तिच्या देखत ओतून द्यायचो. ती रिकामी घागर उचलायची आणि परत जायची. आजाराच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिला पाचवा महिना होता. एका सकाळी ती बारवेच्या पायऱ्यांवरून पडली. मूल गेलं. आई म्हणाली, "नशीब." अण्णा म्हणाले, "देवीची इच्छा." मी परसात धुवायला गेलो. त्यानंतर माझं धुणं दुपटीनं वाढलं आणि हातांतून रक्त यायला लागलं.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही सोलापूरला गेलो. आता सिटिंगविषयी लिहितो, कारण कुणाला अशा ठिकाणी जायची वेळ आली तर आधी थोडं माहीत असावं. मला काहीच माहीत नव्हतं.

सोलापूर पूर्वीच्या इंग्रजी मुलखात, आम्ही निजामाच्या. मध्ये हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. तिथं मोटार थांबवून सामान बघत. तिथल्या एका जवानानं माझ्या हातांना गुंडाळलेलं फडकं बघून विचारलं, "हाथां कू क्या हुआ, महाराज?" मी म्हणालो, "खुजली है." पुढं दर आठवड्याला तो विचारायचा आणि दर आठवड्याला मी तेच सांगायचो.

दवाखान्यात बाहेरच्या खोलीत दोन बाकं होती. गिरणीतले खोकणारे कामगार, तापलेली पोरं घेऊन आलेल्या बाया. डॉक्टर सगळ्यांचेच होते. महायुद्धात ते लष्कराच्या इस्पितळात होते, आणि तिथं अंगावर जखम नसलेले पण मन मोडलेले शिपाई त्यांनी पाहिले होते, हे मला नंतर कळलं. माझ्यासारख्यांना ते सगळे रोगी संपल्यावर आत घेत. एकदा बाकावर आमच्याकडं उतरणारे सोलापूरचे एक व्यापारी भेटले. ते तिथल्या तिथं माझ्या पाया पडले आणि पोराच्या डोक्यावर हात ठेवा म्हणाले. मी हात फडक्यात लपवून म्हणालो, "आज सोवळ्यात नाही." पोर तापानं डोळे मिटून पडलं होतं. त्या वेळची लाज मला अजून आठवते.

पहिल्या सिटिंगला मी अर्धा तास ज्वारीच्या पिकाविषयी बोललो. डॉक्टर ऐकत होते. त्यांची खुर्ची समोर नव्हती, जरा बाजूला होती, त्यामुळं त्यांच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं. ते मध्ये बोलत नाहीत, उपदेश करत नाहीत, याचा मला रागच आला. निघताना मी विचारलं, "आज काय झालं मग?" ते म्हणाले, "तुम्ही आलात. आज तेवढं झालं."

घरी जाताना मला आधीपेक्षा वाईट वाटत होतं. हे मुद्दाम सांगतो. पहिल्या दोन-तीन वेळा असंच वाटतं. जखम उघडून बघितली की आधी ती जास्तच दुखते. मी दुसऱ्या आठवड्याला जाणार नव्हतो. बायकोनं धोतराची घडी पुढं ठेवली आणि म्हणाली, "मोटार चुकंल." खरुजेसाठी कुणी एवढं करत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या वेळी मी विचारलं, "मी जे बोलेन ते अण्णांना कळेल का?"

"या खोलीतलं बोलणं या खोलीत राहतं," डॉक्टर म्हणाले. "अण्णांनी विचारलं तर मी हातांविषयी सांगेन. हात बरे होतायत."

तिसऱ्या वेळी मी सांगायचं ठरवून गेलो. तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. डॉक्टरांनी कागद आणि पेन्सिल पुढं केली. मी तो शब्द लिहिला, देवीचं नाव न लिहिता. कागद त्यांच्याकडं सरकवला आणि भिंतीकडं तोंड केलं. हा माणूस आता मला उठून जायला सांगेल, असं वाटत होतं.

त्यांनी वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "हा दुसऱ्या कुणाविषयी येतो का? एखाद्या शत्रूविषयी? भांडकुदळ शेजाऱ्याविषयी?"

"नाही. फक्त देवीविषयी."

"का, ते बघा. हा विचार माणसाची सगळ्यात प्रिय जागा शोधतो. माझ्याकडं एक आई येते. भाजी चिरताना विळीवर बसली की तिला वाटतं, आपण लेकराला इजा करू. ती वाईट आई आहे म्हणून नाही. लेकरावर तिचा फार जीव आहे, म्हणून तो विचार तिथंच जाऊन टोचतो. ज्याला देवीचं काही वाटत नाही त्याला या शब्दाची भीती कशाला वाटेल?"

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं. असा विचार आणखी कुणाला येत असेल, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एक काम दिलं. शब्द आला की त्याला हाकलायचं नाही आणि धुवायचंही नाही. भीती आपोआप किती वेळात उतरते, ते बघायचं. घरी मी परसातल्या दगडावर बसलो. बायको घागर घेऊन उभी होती. मी म्हणालो, "राहू दे." तिला वाटलं, पाणी विटाळलं. ती ओतायला निघाली. "ओतू नको. नुसतंच राहू दे." मग मी तिथं बसलो. अंगाला कापरं भरलं, छाती धडधडली, काहीतरी भयंकर होणार असं वाटलं. परसातलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत बसलो. काही झालं नाही. भीती आपली आपण उतरली. दुसऱ्या दिवशी मी हरलो आणि दोनदा एकवीस तांबे घेतले. हे असंच चाललं, दोन दिवस जिंकायचं, तीन दिवस हरायचं. डॉक्टर कधी रागावले नाहीत. हरलो की विचारायचे, "तेव्हा काय वाटत होतं?"

हातांच्या चिरा भरून आल्या. अण्णांना वाटलं, मलमाचा गुण. मलाही वाटलं, आता झालंच. पण सातव्या की आठव्या सिटिंगला डॉक्टरांनी सहज विचारलं, "मुलं किती?"

"नाहीत."

मग मी ते सांगितलं, जे आईला, अण्णांना, कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती पडली तेव्हा मी भिंतीच्या अलीकडं, परसातल्या दगडावर होतो. तिची किंकाळी मी ऐकली. तेव्हा माझा सातवा तांबा होता. मी उठलो नाही. एकवीस पुरे केल्याशिवाय उठलो तर आणखी काहीतरी वाईट होईल, असं मन सांगत होतं. चौदाव्याला तो शब्द आला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी बारवेवर पोचलो तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला वर आणलं होतं. काकू म्हणाल्या, "घरात न्हवता का तुमी?" मी म्हणालो, "नव्हतो."

सांगून झाल्यावर मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी माझं सांत्वन करावं, ही सगळी आजाराची करणी होती असं म्हणावं, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तसं केलं नाही.

"आजारानं तुम्हाला दगडाला बांधून ठेवलं होतं, हे खरं," ते म्हणाले. "ती पायऱ्यांवर एकटी होती, हेही खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही." आणि मग, "पण हे तुम्ही मला सांगताय. मी तर त्या बारवेवर नव्हतो."

मला कळलं आणि मी कळलं नाही असं दाखवलं. पुढचे तीन आठवडे मी दुसऱ्याच गोष्टी बोलत राहिलो.

तोवर मुलखाचे दिवस फिरले होते. रझाकारांच्या बातम्या रोज यायच्या, लोक बायकापोरांना हद्दीपलीकडं पाठवत होते, नाक्यावर झडत्या वाढल्या होत्या. मोटारी कधी सुटायच्या, कधी नाही. शेवटच्या सिटिंगला डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हाला येता येईल असं वाटत नाही. येऊही नका, जीव धोक्यात घालून. धुण्याचं तुम्ही सांभाळाल. राहिलंय ते माझ्या खोलीत होण्यासारखं नाही." मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी माझे हात धरून मला उभं केलं. त्यांच्या स्पर्शानंतर मी हात धुतले नाहीत, घरी पोचेपर्यंतही नाही.

बायकोला सांगायला मला त्यानंतरही बारा दिवस लागले.

ती माजघरात तांदूळ निवडत होती. आई देवळात गेली होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. देवीविषयीचा शब्द, खरुजेचं खोटं, आणि शेवटी ती सकाळ. मी घरात होतो. मी ऐकलं होतं. मी उठलो नाही.

ती तांदूळ निवडतच राहिली. मला वाटलं, तिला नीट कळलं नाही.

मग ती म्हणाली, "मला म्हाईत होतं."

"काय?"

"पाण्याचा आवाज येत होता भिंतीपलीकडून. पायऱ्या उतरायला लागले तेव्हापासून मी मोजत होते. एकवीस झाले की येतील, असं वाटलं." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "चौदा झाले, पाणी थांबलं, आन् तुम्ही परत एकपासून धरलं. मग मी काकूंना हाक मारली."

क्षमा कर, एवढंच कसंबसं म्हणालो.

"ते मला अजून जमायचं न्हाई," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, जे आहे ते सांगावं तसं. "पण आज सांगितलंत ते बरं केलंत. इतके दिवस मला वाटायचं, ह्यांना त्याचं काहीच न्हाई."

"मी काय करू?"

"उद्यापासून पाण्याला मी एकटी जायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागर घेऊन बारवेवर गेलो. चार घरांच्या बाया बघत होत्या. उपाध्येबुवा पाणी भरतात, अशी चर्चा आठवडाभर चालली. आई बोलली, अण्णा बोलले. मी पाणी भरत राहिलो. खाली उतरताना तो शब्द मनात यायचा. यायचा आणि मी पुढच्या पायरीवर पाय ठेवायचो.

पुढं निजामाचं राज्य गेलं, नाका उठला. मी सोलापूरला गेलो तर त्या दवाखान्यात दुसरेच डॉक्टर बसले होते. आधीचे कुठं गेले ते कुणाला नीट सांगता आलं नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथं मानतो. त्यांनी मला माझ्या नजरेत चांगलं ठरवायचा प्रयत्न कधी केला नाही. त्या वेळी ते कठोर वाटलं होतं.

आजार पुरता गेला असं मी म्हणणार नाही. एखाद्या उन्हाळ्यात, जागरण झालं की, तो शब्द अजून येतो. लाजही गेली नाही. फरक एवढाच की आता ती लपवण्यात माझा दिवस जात नाही. कुणी पहिल्यांदा अशा खुर्चीवर बसणार असेल तर त्याला एवढंच सांगतो. पहिल्या दिवशी पिकापाण्याविषयी बोललात तरी चालेल. खोटं बोललात तरी परत जा. आणि आपल्या घरात कुणाला काहीच माहीत नाही, असं समजू नका.

हे लिहायच्या आधी मी बायकोला विचारलं, कारण यात तिचंही आहे. आमच्या पिढीत नवरे बायकोचं नाव घेत नसत, आणि मीही हे सगळं तिचं नाव न घेताच लिहिलं होतं. तिनं ते वाचून घेतलं. आता तिला चष्मा लागतो, वाचायला वेळ लागला.

"ऱ्हाऊ द्या असंच," ती म्हणाली. "पण माझं नाव घाला. पायऱ्यांवर बायको पडली न्हवती, मी पडले होते."

तिचं नाव यमुना.